बोटीतली बावीस माणसं

मोंबासा,
ता. ९ डिसेंबर १९५३

आनंदा,

अक्षर बघूनच तू ओळखशील. चौथीपर्यंत आपण एका बाकावर बसलो, माझा ‘स’ अजून तसाच उलटा येतो. तीन वर्षांपूर्वी वाळूच्या पुळणीवरच्या तुझ्या मासे वाळवायच्या काठ्या मी उपटल्या, तू माझ्या तोंडावर मारलंस, आणि तेव्हापासून तुझी खारवीवाडी आणि आमचा मोहल्ला एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये खाडी आहे म्हणून बरं, नाहीतर रोज तोंडं बघावी लागली असती. इकडे निघताना तू खाडीपलीकडे जाळं विणत बसला होतास. मी हात वर केला नाही, तूही केला नाहीस.

आता तुलाच लिहायची वेळ आली आहे. इथल्या गोदीत मी शिडं आणि ताडपत्र्या शिवतो. परवा मुंबईहून आलेल्या बोटीवरचे खलाशी सांगत होते की रत्नागिरीच्या किनाऱ्याला मोठं वादळ झालं, आरे-वारेपासून वरची गावं ओळखू येत नाहीत. कोणी म्हणालं, भाटवण्याची पुळणच राहिली नाही. आमचा मोहल्ला त्या पुळणीवर आहे. घरून पत्र नाही. तार केली, जबाब नाही. मोहल्ल्यातले धडधाकट पुरुष बहुतेक सगळे माझ्यासारखे बोटींवर नाहीतर परमुलखात. लिहिता येणारे तिथे दोघेतिघे, आणि ते खरं लिहिणार नाहीत, मला धक्का बसू नये म्हणून गोड लिहितील. तू माझ्याशी कधी गोड बोलला नाहीस.

माझी आई अजरा, बायको सईदा, आणि ऑगस्टात झालेली मुलगी मैमुना, जिला मी अजून पाहिलेलं नाही. एवढ्या तिघींचं कळव. जे असेल ते लिही. करार संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही.

मुसा

•

भाटवणे,
ता. २ जानेवारी १९५४

मुसा,

तुझं पत्र हातात घेऊन दोन दिवस बसलो. तू खरं लिही म्हणालास म्हणून आधी तेच लिहितो. अजराखाला जिवंत आहे, चढावर पडून पायाचं हाड मोडलं होतं ते जुळतंय. मैमुना सुखरूप आहे. सईदाभाभी गेल्या. खाली वाचण्याआधी थोडा थांब.

ती २१ नोव्हेंबर, शनिवार. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा झालेली, म्हणजे दुपारी उधाणाची भरती यायची होती. सकाळपासून वारा डोंगराकडून समुद्राकडे सुटला. मी जन्मापासून वाऱ्यात आहे, पण असा वारा पाहिला नव्हता. माड जमिनीपर्यंत वाकत आणि मग उसासारखे मोडत. शाळेची कौलं पाखरांच्या थव्यासारखी उडून गेली. आम्ही सगळे वरच्या कातळाला पोटाशी धरून पडलो होतो.

दहा वाजता वारा बंद झाला. कमी होत गेला नाही. कोणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. कानांत दडे बसले. डोक्यावर निळं आभाळ, त्यात सूर्य, आणि चारी बाजूंनी ढगांची भिंत, विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघितल्यासारखी. आणि पाखरं. कधी न पाहिलेली समुद्राची पांढरी पाखरं अंगणात उतरली, ती माणसाला भीत नव्हती. माझ्या आईच्या, सत्यवतीच्या, खांद्यावर एक येऊन बसलं आणि त्याने डोळे मिटून घेतले. आईने त्याला हाकललं नाही. मला देवळात उभा आहे असं वाटलं.

माझा बापूस, जानू तांडेल, तुला माहीत आहेच, वयामुळे सहा वर्षं होडीत पाय ठेवला नव्हता. तो आभाळाकडे बघून म्हणाला, “ह्या संपला नाय. ही वादळाची मधली जागा. ज्वान होतो तेव्हा काठेवाडाकडं एकदा बघितलीय. आता वारा समुद्राकडना फिरून येईल नि संगती पाणी आणील. पुळणीवर काय ठेवनार नाय.”

मग म्हणाला, “मोहल्ल्यात बाया-पोरं हायत.”

आमच्यातला एकजण म्हणाला, “त्यांनी आपल्या काठ्या उपटल्या.” बापसाने पडलेल्या ढिगातून एक वल्हं उचललं आणि खाडीकडे उतरू लागला. त्याची पाठ बघितली आणि सगळी वाडी त्याच्या मागून उतरली, काठ्यांचं बोललेला सगळ्यांच्या पुढे.

धड राहिलेल्या चार होड्या होत्या. खाडीत घरांची छपरं, नारळ, मेलेल्या शेळ्या. तुमच्याकडे लोकांना वाटलेलं की वादळ गेलं. बायका कौलं वेचत होत्या. अजराखाला तर यायलाच तयार नव्हती, घर टाकून कुठे जाऊ म्हणत होती. सईदाभाभींनी तिला हाताला धरून आणलं. सईदाभाभींचा भाऊ फारुक भिंतीखाली सापडला होता, खांदा निखळलेला, त्याला दाराच्या फळीवर घालून आणलं. आम्ही चारही होड्यांनी दोन खेपा केल्या. एकशे एकतीस माणसं कातळावर आली, मुसा. मी मोजली नाहीत, नंतर मामलेदारांच्या माणसाने मोजली.

तिसऱ्या खेपेला वळलो आणि आवाज आला. आधी आवाज, मग वारा, मग मी बघितलं की क्षितिजावर समुद्र उभा राहिलाय. पुळणीवर तेव्हा नऊ माणसं होती. पाणी पुळण ओलांडून खाडीत आलं, खाडी आणि दर्या एक झाले, मशिदीचा फक्त माथा दिसत होता. नवांपैकी पाच मशिदीच्या गच्चीवर होती, ती वाचली. त्यांत तुमचे बांग देणारे इद्रीसबाबा. त्या वाऱ्यात ते बांग देत होते. आम्हाला मधूनच एखादा सूर ऐकू यायचा आणि बापूस म्हणायचा, “अजून हायत.”

सईदाभाभी तिसऱ्या खेपेला येणार होत्या. होडी भरली होती. मैमुनेला त्यांनी दुसऱ्या खेपेलाच माझ्याकडे दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या खाडीच्या वरच्या अंगाला सापडल्या. तुमचं कबरस्तान वाहून गेलं, म्हणून आमच्या चढावर जांभळीखाली जागा केली. चौघांच्या कबरी आम्ही खारव्यांनी खणल्या. कशा खणतात ते ठाऊक नव्हतं. इद्रीसबाबा बसून दिशा दाखवत होते आणि जिथे चुकलं तिथे स्वतः हाताने माती काढत होते.

मोहल्ला आता आमच्या वाडीत आहे. एका घरात तीन-तीन घरं. मुलीला दूध मिळतं, काळजी करू नकोस.

आनंदा

•

मोंबासा,
ता. २७ जानेवारी १९५४

प्रिय आनंदा,

तू थांब म्हणालास तिथे मी थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही.

इथे भाटवण्याचे आम्ही चौघे आहोत. तुझं पत्र बाकीच्या तिघांना वाचून दाखवलं. एकशे एकतीस ऐकल्यावर कोणी उठेना. त्यातला एक म्हणाला, मी त्या जानू तांडेलाला खाडीवर शिव्या घातल्या होत्या. तो आता रोज नमाजानंतर तुझ्या बापसाच्या नावाने दुवा मागतो.

तू लिहिलंस की सईदा पुढच्या खेपेला येणार होती. मी तिला ओळखतो. तिने आपली जागा दुसऱ्याला दिली असणार. लग्नाच्या आधीपासून ती तशीच. हातातलं देऊन मोकळी व्हायची. मला रडू येतं आणि त्याच वेळी छाती भरून येते. मैमुना मोठी झाली की मी तिला हेच सांगणार आहे, तुझी आई स्वतःहून मागे राहिली. शेवटचं ती काय बोलली ते तुला आठवत असेल तर लिही. एक शब्द असला तरी चालेल.

आणखी एक. मुलगी चार-पाच महिन्यांची, तिला कसलं दूध देता? शेळीचं? वादळात शेळ्या मेल्या असं तूच लिहिलंस. चिपळूणला माझे चुलते आहेत, त्यांच्याकडे दोन गाई आहेत. मी त्यांना लिहिलंय. ते माणूस पाठवतील, त्याच्याबरोबर मैमुनेला द्या. तुमच्यावर आधीच पुष्कळ भार आहे.

तुझा,
मुसा

•

भाटवणे,
ता. २० फेब्रुवारी १९५४

मुसाभावजी यांस,

गुणवंतीचा नमस्कार. मी दुसरी शिकलेली आहे, चुकलं तर समजून घ्या. तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. हे ते टोपीत घालून फिरतात आणि लिहायला बसत नाहीत. मी काढून वाचलं. त्यांना माहीत नाही की मी लिहिते आहे.

मैमुना शेळीचं दूध पीत नाही. माझं पिते.

तुम्हाला चालेल की नाही ते विचारायला वेळ नव्हता. यांनी पोरगी आणून माझ्या ओटीत टाकली. ती ओली होती आणि रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. माझा महिपत तेव्हा पाच महिन्यांचा, एका अंगावर तो पीत होता. मी दुसऱ्या अंगाला तिला लावली. आधी तिने तोंडच उघडलं नाही. मग उघडलं. मग वाऱ्याचा आवाज मला ऐकूच आला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोन बाया बोलल्या. परक्या जातीचं मूल, उद्या जातपंचायत विचारील. माझ्या सासूबाई तशा कडक, देवाला शिवल्याशिवाय पाणी पीत नाहीत. त्या म्हणाल्या, “पंचायतीला पान्हा फुटतो काय? मग बोलू नको.” तेव्हापासून कोणी बोललं नाही.

दोघांना पुरेल इतकं दूध येईना. खायलाच नव्हतं तर येणार कुठून. मी कोणाला सांगितलं नाही, पण अजराखालाने ओळखलं. त्यानंतर काय झालं ते बघा. तुमच्या मोहल्ल्याच्या तेव्हा फक्त सात चुली पेटत होत्या, त्याही आमच्याच पडव्यांत. त्या सातही चुलींवरून रोज सकाळी मला एक-एक वाटी यायला लागली. कोणी नारळाचा रस, कोणी नाचणीची आंबील, कोणाकडे पुरून ठेवलेले हळीव सापडले ते गूळ घालून. ज्यांच्या स्वतःच्या पोरांना एक वेळचं मिळत नव्हतं, त्या बाया वाटी ठेवून बघत बसायच्या, मी पूर्ण प्यायल्याशिवाय उठायच्या नाहीत. मला पिताना लाज वाटायची. मग लाज वाटायची राहिली. मी आता दोन्ही पोरांना पोटभर पाजते.

तिला चिपळूणला पाठवू नका. माझा हक्क नाही, तरी सांगते. ती भात खायला लागेपर्यंत तरी राहू द्या.

यांचं काहीतरी बिनसलंय. वादळापासून ते होडीत बसलेले नाहीत. होडी उपडी घातलीय आणि रोज तिच्याजवळ जाऊन येतात. तुमच्या पत्रात सईदाबायचं ते वाचलं त्या दिवशी जेवले नाहीत. तुम्ही विचारा, मला सांगत नाहीत.

गुणवंती

•

मोंबासा,
ता. ११ मार्च १९५४

गुणवंतीबाय,

वहिनी लिहीत होतो, ते खोडून बाय, म्हणजे बहीण, लिहिलं. कारण सांगतो.

तुमचं पत्र घेऊन मी इथल्या जुन्या मशिदीतल्या मौलवींकडे गेलो. त्यांना मराठी येत नाही, मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. सात वाट्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग म्हणाले, आपल्यात रक्ताचं नातं जसं, तसं दुधाचं नातं. ज्या बाईने मुलाला पाजलं ती त्याची आई. दूधआई म्हणतात, पण मान आईचाच. तिची मुलं ही त्या मुलाची भावंडं, इतकी सख्खी की त्यांचं एकमेकांशी लग्न होऊ शकत नाही. मी विचारलं, ती बाई दुसऱ्या धर्माची असली तर? ते म्हणाले, दुधाला काय माहीत.

म्हणजे महिपत हा मैमुनेचा भाऊ आहे. हे मी तुमची मर्जी राखायला म्हणत नाही. आमच्याकडे हा कायदा आहे. आणि तुम्ही मला विचारत होता, तुमचा हक्क आहे की नाही. माझ्यापेक्षा जास्त आहे. मी तिला अजून पाहिलेलंही नाही.

चिपळूणला नको म्हणून लिहिलं आहे.

आनंदाला सांगा, तो थकला असेल तर मी समजतो. त्याला म्हणावं, इद्रीसबाबांना मी लिहितोय, शुक्रवारच्या नमाजानंतर त्यांनी सगळ्यांना सांगावं की सईदाने आपली जागा दिली आणि ती मागे राहिली. पोरांना ते ठाऊक असायला हवं. आनंदाने तिथे उभं राहून दोन शब्द बोलावेत, कारण त्याने ते डोळ्यांनी पाहिलं.

तुमचा भाऊ,
मुसा

•

भाटवणे,
ता. ३० मार्च १९५४

मुसा,

इद्रीसबाबांनी तुझं पत्र वाचलं. शुक्रवारी सगळे जमले, मलाही बोलावलं. मी गेलो आणि काही न बोलता परत आलो. आता तुला लिहितो.

सईदाने जागा दिली नाही. मी तिला उतरवलं.

दुसऱ्या खेपेला माझ्या होडीत एकवीस माणसं बसली होती, मैमुना घेतल्यावर बावीस. पाण्यापासून काठ चार बोटं उरला होता. शेवटी ती आली, मुलगी छातीशी बांधलेली. एक पाय आत टाकला, हात काठावर होता. होडी कलली आणि पाणी आत आलं. मी मुलगी घेतली, अजराखालाच्या मांडीवर दिली. मग सईदाला म्हणालो, “तुला पोहता येतं. तू थांब. मी येतो.” तिने माझ्याकडे बघितलं. पाय काढला, हात मात्र काठावरच होता. मी तो हात काठावरून काढला, मुसा. माझ्या हाताने. ती म्हणाली, “लवकर ये.” तू शेवटचा शब्द विचारला होतास. तो हा.

आणखी आहे. पाच माणसं मशिदीकडे धावली म्हणून वाचली. सईदा धावली नाही. इद्रीसबाबा गच्चीवरून तिला हाका मारत होते. ती धक्क्यावर उभी होती, कारण मी येतो म्हणालो होतो.

बापूस सांगतो, तिसऱ्या खेपेला वळलो तेव्हा त्याने माझ्या हातातलं वल्हं ओढून घेतलं, नाहीतर आम्ही सगळेच गेलो असतो. मला ते आठवत नाही.

गुणवंतीला आज सकाळी सांगितलं. मागच्या पानावर होडीतल्या बावीस जणांची नावं लिहिली आहेत. कोणाला घेऊन कोणाला ठेवलं ते तुला कळायला हवं. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे.

आनंदा

•

भाटवणे,
ता. १२ जून १९५४

मुसाभावजी,

तीन महिने झाले, तुमचं पत्र नाही. हे टपाल यायच्या वेळी पायवाटेवर जाऊन उभे राहतात. टपालवाला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो, मग परत येतात. आता पाऊस लागला, टपाल आठवड्यातून एकदाच.

त्यांच्यासाठी मी काही मागत नाही. ते तुमच्या दोघांतलं आहे. मला दुसरं सांगायचंय.

अक्षय्य तृतीयेला दोन्ही पोरांचं उष्टावण केलं. पहिला घास मामाने भरवायचा असतो. मला भाऊ नाही, महिपतला कोण भरवणार म्हणून सासूबाई विचारात पडल्या. तेव्हा मी तुमचं मार्चचं पत्र बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. महिपत मैमुनेचा भाऊ, मग मैमुनेचा मामा तो महिपतचा मामा. फारुकभाईंना बोलावलं. त्यांचा खांदा अजून वर होत नाही. डाव्या हाताने त्यांनी दोन्ही पोरांना खीर भरवली. त्या हाताची सवय नाही, अर्धी खीर महिपतच्या नाकाला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, हसल्या की रडल्या ते कळलं नाही. मोहल्ल्याच्या आणि वाडीच्या सगळ्या बाया होत्या.

तुमच्या पत्रातलं मी खरं धरलं आहे. आता तुम्हाला यांचा राग आला असेल. राग आला म्हणून दुधाचं नातं तुटतं का, तेवढं मौलवींना विचारून कळवा. मला त्याप्रमाणे पोरीला समजवावं लागेल.

गुणवंती

•

मोंबासा,
ता. २० जुलै १९५४

आनंदा,

गुणवंतीबायला आधी सांग, मौलवींना विचारलं. तुटत नाही. ते म्हणाले, असं विचारणारी बाई त्यांना अजून भेटली नव्हती.

आता तुला लिहितो. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शिवत असलेली ताडपत्री मधोमध फाडली. तू समोर असतास तर काय केलं असतं ते मी लिहीत नाही. दोन पत्रं लिहिली आणि जाळली. त्यांत मी तुला जे म्हटलं होतं ते तू काठ्यांच्या भांडणातही ऐकलेलं नाहीस. मला सर्वांत जास्त राग कशाचा आला माहीत आहे? मी मुलीला सांगायला एक गोष्ट तयार केली होती, ती तू काढून घेतलीस. “लवकर ये” हे मला नको होतं.

मग मे महिन्यात तुझी ती यादी पुन्हा काढली. बावीस नावं. सगळ्यांना मी ओळखतो. मी ठरवलं, यातला एक उतरवायचा आणि त्या जागी सईदाला बसवायचं. बघू तरी, तुझ्या जागी मी असतो तर कोणाला उतरवलं असतं. मी रोज एक नाव घेतलं. पहिल्या दिवशी फारुक. त्याचा खांदा निखळलेला, पोहता येणं शक्य नाही. शिवाय तो तिचाच भाऊ. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मैरूनची तीन पोरं, त्यांतली मोठी. ती सात वर्षांची आहे. तिला काठावर उभी करून “थांब” म्हणून बघितलं. कामावर असतानाही ती मला तशी उभी दिसायला लागली. मग आंधळी गंगुबाई, जी मोहल्ल्यात मासे विकायला आली आणि अडकली, तुमच्याच वाडीची. तिला उतरवणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. मग माझी आई. आईला उतरवलं त्या दिवशी मी कामाला गेलो नाही. आणि मैमुना.

बाविसाव्या दिवशी यादी संपली. सईदा अजून काठावरच होती. मी तिला म्हणालो, “तुला पोहता येतं.” माझ्या तोंडून तेच आलं, आनंदा, दुसरं काही येईना. मग मी रडलो. वादळाची बातमी आल्यापासून तसा रडलो नव्हतो.

तुला ते एका श्वासात करावं लागलं. मला बावीस दिवस लागले आणि तरी मी तुझ्याच जागी येऊन थांबलो.

ती वाट बघत उभी राहिली, याचं काय करायचं ते मला माहीत नाही. ते तुझ्याकडेही राहील आणि माझ्याकडेही. मैमुनेला आता मी खरंच सांगेन. तिच्या आईचा एका खारव्याच्या शब्दावर इतका विश्वास होता की ती जागची हलली नाही. तीन वर्षं न बोललेल्या माणसाच्या शब्दावर.

करार डिसेंबरात संपतो. होडी सरळ कर. पावसात उपडी राहिली की फळ्या फाकतात.

मुसा

•

भाटवणे,
ता. १६ ऑगस्ट १९५४

प्रिय मुसा,

तुझं पत्र नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आलं. मी एकट्याने वाचलं. मग मला वाटलं, हे एकट्याने ठेवायचं पत्र नाही. पौर्णिमेला सगळी वाडी खाडीच्या मुखाशी नारळ वाहायला उतरते. यंदा मोहल्लाही उतरला होता, आता राहायलाच आमच्यात आहे तर मागे कोण राहणार. नारळ वाहून झाल्यावर मी म्हणालो, मुसाचं पत्र आलंय, माझ्या होडीतले बावीस जण होते त्यांनी थांबावं. ते थांबले तसे सगळेच थांबले.

मी पहिल्यापासून वाचलं. मी सईदाचा हात काढला तेही सांगितलं, कारण त्याशिवाय तुझं पत्र कोणाला कळलं नसतं. खरं म्हणजे बाविसांना ते माहीत होतंच. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इतके महिने एकही जण बोलला नव्हता आणि मी समजत होतो की ते माझ्यावर दया करतायत.

वाचून झालं. मग तुझी आई म्हणाली, “मुसाने माला पन उतरवून बघितला?”

मी म्हटलं, “हो खाला. सगळ्यांना.”

ती म्हणाली, “बरा केलान. मी उतरायला हवी होते. माझा वय झालेला. ती पाय काढीत होती तेव्हा मी पोरीला घट धरली नि खाली बघितला. तिच्याकडं बघितला असता तर उतरावा लागला असता. म्हणून नाय बघितला.”

मुसा, तिने हे नऊ महिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या मांडीवर मैमुना होती, आपल्याच पैंजणाशी खेळत.

मग फारुक उठला. म्हणाला, “माझा खांदा गेलेला, पाय धड होते. मशिदीपर्यंत चालत गेलो असतो.” मग मैरून म्हणाली, तिने धाकट्याला मांडीवर घेतलं असतं तर एक जागा झाली असती. मग आंधळी गंगुबाई, तिने माशांची रिकामी पाटी पायाशी धरून ठेवली होती, ती टाकायचं सुचलं नाही. एकेक जण बोलत गेला. मोठ्या मुलांनासुद्धा आठवत होतं. बाविसांपैकी बोलता येणारा एकही नव्हता ज्याने मनात स्वतःला उतरवून बघितलं नव्हतं. सगळे इतके महिने एकाच वाडीत, एका पडवीत जेवत होते, आणि जो तो समजत होता की सईदा फक्त आपल्यामुळे गेली.

मी वादळाच्या मधल्या जागेत उभा राहिलो होतो आणि मला वाटलं होतं की आयुष्यात याहून मोठं काही बघायला मिळणार नाही. परवा खाडीच्या मुखाशी मला कळलं की मिळतं.

शेवटी बापूस पुढे आला. त्याला जास्त बोलता येत नाही. तो अजराखालाच्या शेजारी वाळूत बसला, आणि इतकंच म्हणाला, “मी आनंदाच्या हातातना वल्हा ओढून घेतला. तो जाणार होता. माझापन एक धरा.” खालाने त्याच्या हातावर हात ठेवला. तू आणि मी मारामारी केली त्या दिवसापासून ती दोघं बोलली नव्हती, हे तुला माहीत आहे.

काल सकाळी दहा-बारा जणांनी मिळून होडी सरळ केली. दोन फळ्या फाकल्या होत्या, भरून घेतल्या. उद्या समुद्रावर जातो. वल्ह्याला एक माणूस कमी होता, फारुक म्हणाला, मी डावीकडे बसेन, डावा हात चांगला आहे. त्याला मासेमारीतलं काही कळत नाही. शिकेल.

मैमुनेला चार दात आलेत. महिपतला चावते. तो तिला परत चावत नाही, नुसता बघत राहतो.

तुझा,
आनंदा